फर्ग्युसन: कॉलेजचा नव्हे, ट्रॅक्टरचा

(द्वितीय वर्ष, कला)

फर्ग्युसन हे नाव उच्चारले की आपल्या कॉलेजातील कोणाच्याही डोळ्यांसमोर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. टिळक-आगरकरांच्या नावाशी जोडलेली ती संस्था २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव तिला मिळाले. पण मी ज्या फर्ग्युसनविषयी लिहिणार आहे तो गव्हर्नर नव्हता आणि विद्वानही नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला तो एका शेतकऱ्याचा मुलगा होता. पुण्याचे ते कॉलेज सुरू होण्याच्या दोनच महिने आधी, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, आयर्लंडच्या उत्तर भागात त्याचा जन्म झाला. आपल्या गावात उभा असलेला कोणताही ट्रॅक्टर मागच्या बाजूने पाहा. अवजार जोडण्यासाठी खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे दिसतील. ही तीन दांड्यांची जोडणी म्हणजे हॅरी फर्ग्युसनच्या आयुष्याची कमाई आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ट्रॅक्टरचे काय पडले आहे, असे वाचकांना वाटेल. म्हणून आधी माझी चूक सांगतो. ती चूक घडली नसती तर हा माणूस मला भेटलाच नसता.

आमच्या तासगाव भागात पावसाळ्यात द्राक्षबागांच्या ओळींमध्ये आणि बांधांवर गवत माजते. ते कापून देण्याची कामे माझा थोरला भाऊ घेतो. आमचा ट्रॅक्टर जुना आहे आणि त्याच्यामागे चालणारे गवत कापायचे यंत्र त्याहून जुने, दुसऱ्याकडून घेतलेले आहे. पत्र्याच्या छपराखाली दोन जड पाती आडवी गरगर फिरतात. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून एक शाफ्ट मागे जातो आणि त्या यंत्राच्या गिअरबॉक्सला फिरवतो. या शाफ्टच्या टोकाला एक क्लच असतो. ड्रायव्हरच्या पायाखाली असतो तो हा नव्हे. हा नुसता घसरण्यासाठी बसवलेला क्लच आहे. लोखंडी तबकड्यांमध्ये घर्षणाच्या चकत्या दाबून धरलेल्या असतात आणि भोवतीच्या बोल्टांवरील स्प्रिंगा तो दाब देतात. पाते दगडाला किंवा खुंटाला अडले की चकत्या घसरतात. क्षणभर शाफ्ट फिरतो, पाते थांबते आणि गिअरबॉक्स वाचतो.

गेल्या पावसाळ्यात हा क्लच वारंवार घसरू लागला. दाट गवतात धूर निघे आणि करपल्याचा वास येई. दादाचे म्हणणे होते की तबकड्या उघडून पाहू, चकत्या झिजल्या असतील. मला घाई होती. दादा जेवायला गेला असताना मी पाना घेतला आणि सगळे नट स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळले. घसरणे थांबले. मला मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी बांधाकडेच्या गवतात बाभळीचा एक जुना खुंट दडलेला होता. पाते त्याच्यावर आदळले. स्प्रिंगा दबायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे क्लच घसरला नाही आणि गिअरबॉक्समधला दांडा मोडला. ऐन हंगामात यंत्र तीन आठवडे पडून राहिले. ठरलेली कामे दुसऱ्यांकडे गेली.

दादाने मला एक शब्दही विचारला नाही, आणि नंतर तो माझ्याशी बोलेनासाच झाला. मीही माझी चूक कबूल केली नाही. दहावीनंतर दादाने शाळा सोडली ती ट्रॅक्टर चालवण्यासाठी, आणि त्याच ट्रॅक्टरच्या कमाईवर मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात जाणारा झालो. हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे तो अबोला अधिकच जड झाला होता. त्या दिवसांत आपल्या ग्रंथालयात बसून मी ट्रॅक्टरच्या यंत्ररचनेविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता हॅरी फर्ग्युसनपाशी येऊन पोहोचलो.

हॅरीचे गाव ग्रोवेल. ते डाउन परगण्यात ड्रोमोरजवळ आहे. अकरा भावंडांतला तो चौथा. वडील जेम्स फर्ग्युसन हे कष्टाळू शेतकरी, पण धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. घरात धार्मिक पुस्तकांखेरीज दुसरे वाचन चालत नसे. हॅरीला ना शेतीची आवड होती, ना त्या कडक वातावरणाची. बापलेकांचे पटेना. १९०२ साली तो घर सोडून कॅनडाला जाण्याच्या तयारीत होता. तेवढ्यात थोरला भाऊ ज्यो याने बेलफास्टमध्ये सायकली व मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान काढले आणि हॅरीला बोलावून घेतले. कॅनडा राहिला. शाळेत न रमलेला मुलगा इंजिनात रमला. बिघडलेल्या इंजिनाचा दोष शोधून काढण्यात त्याचा हातखंडा झाला. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून तो मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेऊ लागला.

त्याच सुमारास विमान ही नवी गोष्ट जगापुढे आली होती. हॅरीने फ्रान्समध्ये जाऊन विमानांची प्रदर्शने पाहिली आणि बेलफास्टला परतल्यावर भावाच्या दुकानातच स्वतःचे विमान बांधले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे जोराच्या वाऱ्यात ते विमान जमिनीपासून उचलले गेले आणि सुमारे १३० यार्ड उडाले. आयर्लंडच्या भूमीवरून यंत्राच्या बळावर झालेले ते पहिले उड्डाण. पुढच्या वर्षी न्यूकॅसल या समुद्रकाठच्या गावी तीन मैलांचे उड्डाण करून त्याने १०० पौंडांचे बक्षीस मिळवले. योगायोग पाहा. त्याच १९१० साली आमच्या भागात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर, बेळगावहून आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारत होते. जगाच्या दोन टोकांना असलेल्या या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोघांच्याही हातून पुढे शेतीचे अवजार बदलणार होते.

विमानाचा नाद भावाला पसंत नव्हता. त्यात जीवाचा धोका होता आणि धंद्याला फायदा नव्हता. दोघा भावांत वाद झाले आणि १९११ साली हॅरी ज्योपासून वेगळा होऊन स्वतःचे दुकान घालून बसला. ज्या भावाने त्याला बोलावून घेऊन कामाला लावले, त्याच्यापासून तो असा तुटला. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो, हे येथे प्रांजळपणे सांगतो.

नव्या दुकानात त्याला विली सँड्स नावाचा एक कुशल कारागीर मिळाला. फर्ग्युसनने कल्पना काढावी आणि सँड्सने ती लोखंडात उतरवावी, असा हा जोडीचा संसार पुढे अनेक वर्षे चालला. १९१३ साली हॅरीने मॉरीन वॉटसन हिच्याशी विवाह केला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनला बाहेरून येणारे धान्य कमी पडू लागले आणि अधिक जमीन नांगरण्याची निकड निर्माण झाली. १९१७ साली आयर्लंडच्या शेतकी खात्याने सरकारी ट्रॅक्टर नीट चालतात की नाही हे पाहण्याचे काम फर्ग्युसनकडे सोपवले. तो आणि सँड्स गावोगाव हिंडले. या हिंडण्यातून त्याला त्याच्या आयुष्याचा प्रश्न सापडला.

तो प्रश्न असा होता. त्या काळी ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी आलेले इंजिन होते. बैलाला साखळीने नांगर जोडावा तसा तो ट्रॅक्टरमागे जोडलेला असे. नांगर दगडाला अडला की बैल थांबतो. इंजिन थांबत नाही. नांगर हलत नाही, मागची चाके पुढे सरकत नाहीत आणि इंजिनाचा जोर मात्र चालूच राहतो. मग ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलले जाते आणि तो मागे उलटून ड्रायव्हरवर पडतो. अशा रीतीने कित्येक माणसे प्राणास मुकली. शिवाय चाकांची पकड राहावी म्हणून ट्रॅक्टर अवजड करावा लागे आणि त्या वजनाखाली जमीन दबून घट्ट होई.

फर्ग्युसनच्या मनात आले की ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वस्तू मानल्या हीच मुळात चूक आहे. दोन्ही मिळून एकच यंत्र झाले पाहिजे. १९१७ साली त्याने मोटारगाडीपासून बनवलेल्या एका हलक्या ट्रॅक्टरसाठी बेलफास्ट नांगर तयार केला. ड्रायव्हरला तो बसल्या जागेवरून दांड्याने उचलता येई. पण लवकरच हेन्री फोर्डचा स्वस्त फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि पहिल्या ट्रॅक्टरबरोबर त्याचा नांगरही मागे पडला. फर्ग्युसन खचला नाही. त्याने फोर्डसनसाठी नवी जोडणी काढली. १९२५ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे शर्मन बंधूंच्या भागीदारीत नांगरांचा कारखानाही सुरू केला. १९२८ साली फोर्डने अमेरिकेत फोर्डसन बनवणे बंद केले आणि हाही धंदा संपला. शेवटी त्याने ठरवले की दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून राहायचे नाही. १९३३ साली बेलफास्टच्या दुकानात त्याचा स्वतःचा नमुना ट्रॅक्टर तयार झाला. त्याला काळा रंग दिलेला होता, म्हणून तो काळा ट्रॅक्टर या नावानेच ओळखला जातो.

त्या ट्रॅक्टरमध्ये नवे काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. खालचे दोन दांडे नांगर ओढतात. नांगराला जमिनीत अडथळा झाला की त्याचा वरचा भाग पुढे ढकलला जातो आणि तो जोर वरच्या तिसऱ्या दांड्यावर येतो. हा दांडा ट्रॅक्टरला पुढे दाबतो, त्यामुळे पुढची चाके जमिनीला धरून राहतात. तोच जोर एका स्प्रिंगवर पडून हायड्रॉलिकची झडप हलवतो. जमीन कठीण लागली की नांगर आपोआप किंचित वर येतो. मऊ लागली की पुन्हा खाली जातो. नांगर ओढतानाचा भार मागच्या चाकांवर येत असल्यामुळे ट्रॅक्टर हलका असूनही त्याची पकड सुटत नाही. आणि नांगर एकदम दगडावर आदळला तर हायड्रॉलिकचा दाब सुटतो, मागच्या चाकांवरचा तो भार उतरतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. ट्रॅक्टर उलटत नाही. थोडक्यात, अडथळा आला असता कोठे आणि किती नमते घ्यावे हे त्या यंत्राला शिकवलेले होते. आमच्या गवताच्या यंत्रातला घसरणारा क्लच वेगळ्या तऱ्हेने हेच काम करतो. फरक इतकाच की तो मी आवळून टाकला होता.

आता या माणसाच्या स्वभावाकडे वळतो, कारण मला खरे नवल वाटले ते तेथेच.

त्याचा काटेकोरपणा विलक्षण होता. ट्रॅक्टरवर अनेक मापांचे नट-बोल्ट असू नयेत, शेतकऱ्याला एका-दोन पान्यांत सगळे काम करता यावे, असा त्याचा आग्रह असे. ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या त्याच्या पान्यावर इंचांच्या खुणा असत. त्याच पान्याने नांगराची मापे घेता येत. पण हा काटेकोरपणा माणसांच्या बाबतीत हटवादीपणा होई. काळ्या ट्रॅक्टरनंतर हडर्सफील्डचे गिअर बनवणारे कारखानदार डेव्हिड ब्राऊन यांच्याबरोबर त्याने १९३६ पासून ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. सुमारे १३५० ट्रॅक्टर तयार झाले. ब्राऊन यांना अधिक शक्तीचा ट्रॅक्टर हवा होता. फर्ग्युसनला आपल्या आराखड्यात बदल नको होता. दोघे वेगळे झाले.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला एक ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्डच्या घरी गेला. तेथल्या मोकळ्या जागेत त्याने नांगरट करून दाखवली. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याला ती गोष्ट तत्काळ पटली. तेथेच दोघांचा करार झाला, पण कागद नाही, सही नाही, नुसते हस्तांदोलन! फोर्डने ट्रॅक्टर बनवायचे आणि फर्ग्युसनने ते विकायचे. जून १९३९ मध्ये नवा ट्रॅक्टर लोकांपुढे आला आणि १९४७ पर्यंत तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर शेतात उतरले. ज्या दोघांनी आयुष्यभर दुसऱ्या कोणाचे फारसे ऐकले नाही, त्या दोघांनी एकमेकांच्या शब्दावर एवढा मोठा व्यवहार चालवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण शब्द देणारा माणूस गेला की शब्दाचे काय होते तेही येथे दिसते. १९४५ साली हेन्री फोर्डच्या हातून कारभार त्याच्या नातवाकडे गेला. नातवाच्या मते या व्यवहारात कंपनीचा तोटा होत होता. त्याने तो करार १९४७ मध्ये संपवला आणि तीच जोडणी असलेला ट्रॅक्टर स्वतःच बनवून विकायला सुरुवात केली. १९४८ च्या जानेवारीत फर्ग्युसनने दावा लावला. मागणी होती २५ कोटी १० लाख डॉलरची. एका बाजूला जगातील बलाढ्य मोटार कंपनी आणि दुसऱ्या बाजूला हा एकटा आयरिश माणूस. चार वर्षे तो दावा चालला. अखेर एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली. फोर्ड कंपनीने ९२ लाख ५० हजार डॉलर दिले आणि हायड्रॉलिकच्या पंपाची त्याची रचना वापरणे थांबवण्याचे मान्य केले. मागितलेल्या रकमेच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. तरी आपली कल्पना आपली होती हे मान्य झाले, यात त्याने समाधान मानले.

दावा चालू असतानाच त्याचे सर्वांत मोठे काम इंग्लंडमध्ये उभे राहिले होते. कॉव्हेंट्री शहरात बॅनर लेन येथे युद्धकाळात विमानांची इंजिने बनवणारा एक कारखाना होता. तेथे स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ पासून फर्ग्युसनचा टीई-२० हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर बनवायला घेतला. दहा वर्षांत असे ५ लाख १७ हजारांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच करड्या ट्रॅक्टरांना पट्टे बसवून. यंत्रामुळे शेती स्वस्त होईल, अन्न स्वस्त होईल आणि गरिबांची भूक भागेल, असे फर्ग्युसन मनापासून मानत असे आणि हा विचार तो भेटेल त्याला ऐकवत असे.

त्या नामांकित ट्रॅक्टरातही एक उणीव होती आणि ती नेमकी आमच्या विषयाशी येऊन भिडते. त्याचा पीटीओ आणि चाके एकाच क्लचवर चालत. नांगर ओढताना याने काही बिघडत नसे. पण मागे गवत कापायचे यंत्र जोडले की त्याच्या जड पात्यांना गती येते. ड्रायव्हरने क्लच दाबला तरी फिरणारी पातीच उलट पीटीओला फिरवतात, पीटीओ गिअरला फिरवतो आणि ट्रॅक्टर थांबण्याऐवजी पुढे ढकलला जातो. समोर कुंपण असेल तर कुंपणात! म्हणून असा ट्रॅक्टर वापरणारे लोक पीटीओवर आणखी एक जोड बसवतात. ट्रॅक्टरचा जोर तो यंत्राकडे जाऊ देतो, पण यंत्राचा जोर ट्रॅक्टरकडे परत येऊ देत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलसारखेच हे काम आहे. ज्याने आयुष्यभर अडणाऱ्या अवजाराचा विचार केला, त्याच्या ट्रॅक्टरात न थांबणाऱ्या अवजाराची सोय राहून गेली होती.

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन केला. या सौद्याच्या वेळी दहा लाख डॉलरच्या फरकावर घोडे अडले. तेव्हा नाणे उडवून निकाल लावायचे ठरले. नाणे उडाले आणि फर्ग्युसन हरला. त्याने ते हसत मान्य केले. हे वाचून मला हसूही आले आणि बरेही वाटले. ज्याने भाऊ सोडला, भागीदार सोडले, फोर्डशी चार वर्षे झुंज घेतली, त्याने दहा लाख डॉलर एका नाण्यावर सोडून दिले! पण हा सलोखा टिकला नाही. नव्या कंपनीत त्याचे मत चालेना आणि १९५४ साली तो अध्यक्षपद सोडून बाहेर पडला.

त्याची शेवटची वर्षे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या मोटारीच्या संशोधनात गेली. चिखलात वा पावसात मोटार घसरू नये, माणसे मरू नयेत, हीच त्यामागची तळमळ. मोटारींचे कारखानदार मात्र ती स्वीकारायला तयार नव्हते. निद्रानाश आणि मनाची खिन्नता यांनी त्याला ग्रासले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधील आपल्या घरी तो मरण पावला. झोपेच्या औषधाचे प्रमाण अधिक झाले होते. ते चुकून झाले की कसे, याचा निर्णय चौकशीत होऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, त्याच्या संस्थेने बनवलेल्या चारचाकी जोराच्या मोटारीने स्टर्लिंग मॉसच्या हाती ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. ते पाहायला तो नव्हता.

ज्या वर्षी तो गेला त्याच १९६० साली मद्रासमध्ये टॅफे कंपनीची स्थापना झाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले. आमच्या गावातल्या लाल ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर त्याचे आडनाव असे येऊन पोहोचले आहे. ते नाव लहानपणापासून पाहत असूनही तो कोण हे मला ठाऊक नव्हते.

हे सगळे वाचून झाल्यावर एका रविवारी मी दादाला सांगितले की नट मीच आवळले होते. त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी कधी सांगतो याचीच तो वाट पाहत होता. गिअरबॉक्सचा दांडा नवा बसवून आला होता. क्लच उघडायचे राहिले होते. ते आम्ही दोघांनी मिळून केले.

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांच्यासाठी आम्ही काय केले ते थोडक्यात लिहितो. प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे दिले. शाफ्टवरचे संरक्षक आवरण काढले. नट सोडून तबकड्या सुट्या केल्या. दोन चकत्या झिजून पार पातळ आणि काळ्या झाल्या होत्या. घसरण्याचे खरे कारण तेच होते. दादाचा अंदाज बरोबर होता. तबकड्यांवरचा गंज पॉलिश पेपरने घासला आणि तेलाचा थेंबही राहू नये म्हणून कोरड्या फडक्याने पुसल्या. नव्या चकत्या घातल्या. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळत सगळ्या स्प्रिंगांची लांबी पट्टीने मोजून सारखी केली. यंत्राबरोबर आलेल्या जुन्या कागदावर जेवढी लांबी दिली होती तेवढीच ठेवली, एक फेराही जास्त दिला नाही. शेवटी तबकड्यांच्या कडांवरून खडूची एक सरळ रेघ ओढली, आवरण पुन्हा बसवले आणि यंत्र चालू करून दाट गवतात घातले.

थोड्या वेळाने यंत्र बंद करून, किल्ली काढून पाहिले तेव्हा रेघ तुटलेली होती. एका तबकडीवरचा खडू दुसरीवरच्या खडूपासून दोन बोटे सरकला होता. म्हणजे क्लच हवा तेव्हा घसरला होता आणि पुन्हा धरून राहिला होता. ती सरकलेली रेघ दादाने मला बोलावून दाखवली. धूर नव्हता, वास नव्हता.

आता पावसाळा सुरू होण्याआधी तो क्लच एकदा सैल करून, थोडा घसरवून पुन्हा मापाप्रमाणे आवळायचे काम दादाने माझ्याकडे दिले आहे. कारण वर्षभर न घसरलेला क्लच गंजून एकजीव होतो आणि मग ऐन वेळी घसरतच नाही. हॅरी फर्ग्युसनची बुद्धी माझ्यात नाही आणि त्याचा हट्ट माझ्या कामाचा नाही. यंदा बोल्टांवरची माती झाडताना त्याची आठवण होईल. त्याला आणि ज्योला एकमेकांच्या समोर बसवून एखादा क्लच उघडायला लावला असता तर काय झाले असते, हा विचारही मनात येईल.